खंडपीठावर कोण बसते?

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या राजकारणात एक जरा अनोळखी वाद पेटला. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाने, २८ जुलैला मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावे सुचवली होती. त्यांत आरती साठे यांचे नाव होते आणि साठे पूर्वी महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. आमदार रोहित पवार यांनी जाहीर आक्षेप घेतला. साठे यांनी जानेवारी २०२४ मध्येच पदाचा राजीनामा दिला होता आणि निवड गुणवत्तेवर झाली, असे उत्तर भाजपने दिले. त्याच महिन्यात केंद्राची अधिसूचना निघाली, शपथविधी झाला आणि वाद जसा पेटला तसा विझला. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारलाच नाही: कॉलेजियमने नेमके काय तोलून पाहिले? पक्षाचा संबंध त्यांना ठाऊक होता का, असल्यास तो का आड आला नाही, वकिलीतले कोणते काम जमेला धरले गेले? प्रसिद्ध झालेल्या निवेदनात नावे होती, कारणे नव्हती. कारणांवर वाद घालायला कारणेच हाताशी नसली की माणसे मग जुनी पदे आणि जुने फोटो उकरतात. दोन्ही बाजूंनी तेच केले.

अमेरिकेत हा प्रश्न असा दबून राहत नाही. तिथल्या ५० पैकी ३८ राज्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कोणत्या ना कोणत्या प्रकारे मतदारांपुढे जातात. १ एप्रिल २०२५ ला विस्कॉन्सिन राज्यात अशा एका जागेसाठी मतदान झाले. सुसान क्रॉफर्ड यांनी ब्रॅड शिमेल यांचा सुमारे दहा टक्के मतांनी पराभव केला आणि एका न्यायाधीशपदाच्या या लढतीत दहा कोटी डॉलरच्या आसपास पैसा ओतला गेला. एकट्या इलॉन मस्क आणि त्यांच्याशी जोडलेल्या गटांनी त्यात दोन कोटींहून अधिक डॉलर घातले. एवढा पैसा एका खुर्चीवर का लागतो, याचे उत्तर दोन वर्षे आधीच्या निवडणुकीत आहे. २०२३ मध्ये जॅनेट प्रोटासिएविच निवडून आल्या, न्यायालयातले बहुमत पालटले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या न्यायालयाने राज्य विधिमंडळाच्या मतदारसंघांची रचना रद्द केली. एक न्यायाधीश बदलला आणि सगळ्या राज्याचा राजकीय नकाशा पुन्हा काढावा लागला.

आपल्याकडे न्यायाधीश निवडून देत नाहीत आणि देऊही नयेत, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच. पण आपल्याकडे निवडणूक नाही, म्हणून न्यायाधीश कोण याला राजकीय महत्त्वही नाही, असा जो सोयीचा समज आपण करून घेतला आहे, तो मुंबईच्या इतिहासात टिकत नाही. गिरगावातल्या चाळी, परळ-लालबागच्या गिरण्या, दादरचे शिवाजी पार्क या साऱ्यांचे भवितव्य गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जितके विधानभवनात ठरले तितकेच फोर्टातल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत ठरले, आणि पुष्कळदा ते खंडपीठावर कोण बसले होते यावर ठरले.

सर्वांत जुना आणि सर्वांत ठळक दाखला टिळकांचा. १३ ते २२ जुलै १९०८ या दहा दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. न्यायासनावर न्या. दिनशा दावर होते. हेच दावर १८९७ च्या पहिल्या राजद्रोह खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. १९०८ मध्ये न्यायाधीश म्हणून त्यांनी टिळकांचा जामीन नाकारला. पण खटल्याची खरी मेख ज्यूरीत होती. सरकारने विशेष ज्यूरी मागितली. तशी ज्यूरी बसवली तर तिच्यात युरोपियनांचे बहुमत होईल, हा बचाव पक्षाचा आक्षेप होता. दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन हिंदी आले. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. म्हणजे पुराव्यांवर एक शब्द बोलला जाण्याआधी, ज्यूरीची यादी तयार झाली तेव्हाच निकालाचा बराचसा भाग लिहून झाला होता. गिरणगावाला हे बरोबर कळले. परळ-लालबागच्या गिरण्यांतले कामगार २३ जुलैपासून सहा दिवस, वर्षाला एक दिवस या हिशेबाने, संपावर गेले. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबारात माणसे मेली. आठ वर्षांनी, १९१६ मध्ये, टिळकांच्या भाषणांवरून त्यांच्याकडून जामीनकी घेण्याचा खालचा हुकूम याच उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्या. बॅचलर आणि न्या. लल्लुभाई शहा यांनी तो रद्द केला. आरोपी तोच, राजद्रोहाचे कलम तेच, न्यायालयही तेच होते. ज्यूरी मात्र नव्हती आणि न्यायाधीश दुसरे होते. पुरावे वेगळे होते हे खरेच, पण फरक निव्वळ पुराव्यांचा होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

कोणी म्हणेल, ती परक्यांची राजवट होती, तिचे दाखले लोकशाहीला कशाला? म्हणून गिरणगावाच्याच जमिनीकडे वळू. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या हळूहळू मेल्या आणि मुंबईच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन विकासासाठी उपलब्ध झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली तृतीयांश मालकाला, असा त्याचा ढोबळ मतलब होता. २००१ मध्ये राज्य सरकारने त्यात दुरुस्ती केली. मग वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची असे झाले. मोकळी म्हणजे मुळात गिरणीच्या आवारात रिकामी पडलेली, की शेड पाडल्यावर रिकामी होणारी सगळी? पहिला अर्थ घेतला तर शहराला चिंधी मिळणार, दुसरा घेतला तर बाग, मैदान आणि हजारो घरे.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिका केली. १७ ऑक्टोबर २००५ ला मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दुसरा अर्थ धरला. शहराचा श्वास आणि नागरिकांचा जगण्याचा हक्क यांच्या प्रकाशात नियम वाचला पाहिजे, असा त्या निकालाचा कल होता. पाच महिनेही झाले नाहीत तोच, ७ मार्च २००६ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नगररचना हा सरकारी धोरणाचा विषय आहे, कामगारांची देणी, गिरण्यांचे पुनरुज्जीवन आणि शहराची गरज यांचा मेळ सरकारने घातला आहे, त्यात न्यायालयाने फार हात घालू नये, असे तिथे ठरले. दोन्ही निकाल सविस्तर आहेत, दोन्हींत कायद्याचा अभ्यास आहे, आणि प्रामाणिक वाचकाला दोन्ही अर्थ शक्य वाटतील. नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची आहे. कायद्याने एकच उत्तर दिले नाही, तेव्हा मूठभर न्यायमूर्तींच्या दृष्टीने ते दिले. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांचे लिलाव २००५ मध्येच झाले होते. दादरची, शिवसेना भवनासमोरची, कोहिनूर मिल क्रमांक ३ ही ४२१ कोटींना गेली, तर लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना. आज परळ-लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांखालून चालताना मैदान का दिसत नाही, याचे उत्तर कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडत नाही. ते एका नियमाच्या दोन वाचनांमध्ये आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले आणि २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे निघाली सात हजारांहूनही कमी. तूट कशामुळे, याचा हिशेब मांडताना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या वाचनाची किंमत धरावीच लागेल.

चाळींची गोष्ट याहून लांबलेली आहे. मुंबई शहरात १९६९ पूर्वीच्या, उपकर भरणाऱ्या इमारती सुरुवातीला एकोणीस हजारांहून अधिक होत्या. गिरगाव, दादर, लालबाग, परळच्या बऱ्याच जुन्या चाळी त्यांतल्याच. भाडे गोठलेले, मालक दुरुस्तीला नाखूश, भाडेकरू हलायला नाखूश आणि पावसाळ्यात इमारत कोसळली की सगळ्यांनी हळहळायचे, असा तो पेच होता. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने इमारत संपादित करायची, मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यायचा आणि रहिवाशांच्या सहकारी संस्थेने ती दुरुस्त करायची. मालकांच्या संघटनेने आव्हान दिले. १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. प्रकरण दिल्लीला गेले आणि तीन न्यायाधीशांकडून पाचांकडे, पाचांकडून सातांकडे, सातांकडून नऊंकडे चढत ५ नोव्हेंबर २०२४ ला त्यातल्या मूळ घटनात्मक प्रश्नाचा निकाल लागला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) कलमातील समाजाचे ‘भौतिक साधन’ मानता येणार नाही, असे सात न्यायाधीशांच्या वतीने सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी अंशतः वेगळे मत दिले आणि न्या. सुधांशू धुलिया यांनी विरोधी.

त्या निकालात याच्या उलट सांगणाऱ्या, १९७७ मधल्या न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर यांच्या मताचा पाया काढला गेला, आणि इथे माझ्या युक्तिवादाला दोन बाजूंनी धार येते. कृष्णा अय्यर १९५७ च्या केरळातल्या पहिल्या साम्यवादी मंत्रिमंडळात मंत्री होते. १९७३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात येणार म्हटल्यावर मुंबईतल्या काही बड्या वकिलांनीच विरोध केला होता. पुढे कैद्यांचे हक्क, जामीन, गरिबांना मोफत वकील या विषयांत त्यांनी जे काम केले, ते आज पक्षभेद न पाहता वाखाणले जाते. म्हणजे राजकारणातून आलेला न्यायाधीश वाईटच असतो हे खोटे. पण त्यांची मालमत्तेकडे पाहण्याची दृष्टी राजकारणातून आलेली नव्हती असे म्हणणेही खोटे, आणि त्या दृष्टीचा अंमल लालबागच्या भाडेकरूपर्यंत पोहोचत होता. दुसरी बाजू चंद्रचूड यांची. २००५ मध्ये गिरणीच्या जमिनीवर शहराचा हक्क मोठा धरणारे तेच, २०२४ मध्ये खासगी मालमत्तेवरचा समाजाचा हक्क आवळणारेही तेच. म्हणजे न्यायाधीशावर ‘डावा’, ‘उजवा’, ‘अमक्याचा माणूस’ अशी चिठ्ठी चिकटवून त्याचे निकाल आधीच सांगता येत नाहीत. प्रश्नही वेगळे होते: एकीकडे नियमाचा अर्थ, दुसरीकडे घटनेचा. म्हणूनच निवडीच्या वेळी पक्षाचे ओळखपत्र तपासणे पुरेसे नाही. त्या माणसाने वकिलीत काय काम केले, कोणासाठी लढला, काय लिहिले, कोणत्या हितसंबंधांपासून दूर राहावे लागेल हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे. आणि ते पाहिले गेले की नाही, हे लोकांना कळले पाहिजे.

दादरकडे येताना निवडणुकीचे राजकारण थेटच समोर येते. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत दादरमधून मनोहर जोशी विजयी झाले. २४ फेब्रुवारी १९९० च्या शिवाजी पार्कवरच्या सभेत महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल असे ते बोलल्याचा आरोप होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत वैध ठरवली. असे विधान धिक्कारार्ह असले तरी ते धर्माच्या नावावर मत मागणे होत नाही, फार तर एक आशा व्यक्त करणे होते, असा तो तर्क. तोवर विधानसभेची मुदत संपून जोशी मार्च १९९५ पासून राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. त्याच ११ डिसेंबरला विलेपार्ल्याच्या रमेश प्रभू यांची निवड मात्र रद्दच राहिली. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने धर्माच्या नावावर मत मागण्याच्या बंदीचा व्यापक अर्थ लावला, तोही चार विरुद्ध तीन अशा मतांनी. एक न्यायाधीश दुसऱ्या बाजूला गेला असता तर निकाल उलटा झाला असता. विस्कॉन्सिनच्या मतदाराला हे गणित तोंडपाठ असते. दादरच्या मतदाराला ते कोणी समजावून सांगत नाही.

मतदारसंघांच्या नकाशाचा प्रश्नही आपल्याला परका नाही. मुंबई महापालिकेचे प्रभाग महाविकास आघाडीने २२७ चे २३६ केले, २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ते पुन्हा २२७ झाले आणि या फेरबदलाला दिलेले आव्हान एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळले. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात पडून होता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर अखेर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. जवळजवळ चार वर्षे मुंबईला नगरसेवक नव्हता. २०२२ च्या दसऱ्याला शिवाजी पार्क कोणत्या शिवसेनेला मिळणार, हेही उच्च न्यायालयातच ठरले.

मग न्यायाधीशच निवडून का देऊ नयेत? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांच्या निर्णयाने माझे घर, मैदान, मत ठरते, त्यांना निवडण्यात माझा वाटा असावा, ही मागणी लोकशाहीच्या भाषेत सरळ आहे. पण अमेरिकेतलाच अनुभव तिच्याविरुद्ध साक्ष देतो. वेस्ट व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीवर पाच कोटी डॉलरचा दावा सिद्ध झाला होता. अपील व्हायच्या आधी कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी २००४ च्या निवडणुकीत ब्रेंट बेंजामिन यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आणण्यासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन निवडून आले, बाजूला व्हायला नकार दिला आणि कंपनीच्या बाजूच्या बहुमतात बसले. शेवटी २००९ मध्ये अमेरिकेच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाला पाच विरुद्ध चार मतांनी हे चालणार नाही म्हणून सांगावे लागले. आता हेच चित्र परळमध्ये कल्पा. २००५ च्या ऑक्टोबरात गिरणी जमिनीच्या खंडपीठाला पुढच्या वर्षी मते मागायची असती, तर प्रचाराचा खर्च कोणी उचलला असता? गिरणी कामगारांनी तर नक्कीच नाही. पैशाइतकाच बहुमताचा रेटाही असतो. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी मृत्युदंडाच्या निकालांवरून मतदारांनी घरी बसवले. २०१० मध्ये आयोवात समलिंगी विवाहाला मान्यता दिल्याबद्दल तीन न्यायाधीश गेले. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने दहीहंडीच्या थरांवर आणि गोविंदांच्या वयावर बंधने घातली तेव्हा लालबाग-दादरच्या मंडळांतला संताप आठवावा. त्या खंडपीठाला त्याच वर्षी मतदारांपुढे जायचे असते तर लहान मुलाच्या मणक्याची बाजू कोणी घेतली असती, याची मला शंकाच आहे. आणि मेक्सिकोने १ जून २०२५ ला साऱ्या देशात न्यायाधीश निवडून आणले, तेव्हा मतदान झाले जेमतेम तेरा टक्के. मतपेटी ठेवली की लोकांचा सहभाग येतो, असेही नाही.

निवडणूक नको, मग सरकारच्या हाती द्यावे का? ती वाट आपण तुडवून पाहिली आहे. आणीबाणीत १९७६ मध्ये सोळा उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मुंबईतले अतिरिक्त न्यायाधीश उ. रा. ललित यांना कायम केले गेले नाही. त्यांचेच चिरंजीव उदय ललित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले, एवढाच काय तो काळाने केलेला हिशेब. दोन वर्षांची अतिरिक्त नेमणूक हा सरकारच्या हातातला लगाम कसा होतो, ते तेव्हा दिसले. तो लगाम नंतर न्यायाधीशांच्याच हाती आला, पण नाहीसा झाला नाही. काही पॉक्सो निकालांवरून टीका झाल्यावर २०२१ मध्ये न्या. पुष्पा गनेडीवाला यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने मागे घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते निकाल सदोष होते असे मलाही वाटते. पण सदोष निकालावर उपाय अपील असतो. तात्पुरत्या नेमणुकीचा धाक हा वेगळाच उपाय आहे, आणि तो उद्या चांगल्या निकालावरही चालेल.

या पेचाचा अंदाज ज्याने आधीच बांधला होता तो माणूस परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षे राहिला, पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहिला आणि याच उच्च न्यायालयात वकिली करत होता. २४ मे १९४९ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी तिन्ही टोके बाजूला सारली. नेमणुका सरकारच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे, कायदेमंडळाच्या संमतीला बांधणे म्हणजे राजकीय दबावाला दार उघडणे, आणि सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करणेही धोक्याचे, कारण सरन्यायाधीश हाही अखेर माणसाचे गुणदोष आणि पूर्वग्रह असलेला माणूस, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने नेमके हे तिसरे टोक, थोडे सहकारी जोडून, कॉलेजियम म्हणून प्रस्थापित केले. २०१४ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. त्या आयोगात सरकारला दिलेला वाटा मला धोक्याचा वाटत होता, म्हणून त्याच्या जाण्याचे दुःख नाही. पण त्या निकालानंतर कॉलेजियम सुधारण्याचे जे आश्वासन हवेत राहिले, त्याचे दुःख आहे.

उघडेपणावरचा नेहमीचा आक्षेप असा, की कारणे छापली तर नाकारलेल्या वकिलांची बदनामी होईल आणि चांगली माणसे पुढे येणार नाहीत. यात तथ्य आहे, पण नाकारलेल्यांबद्दल. निवडलेल्यांची कारणे सांगायला काय हरकत आहे? मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचे उदाहरण आहे. त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली म्हणून केंद्राने नाव परत पाठवले. १८ जानेवारी २०२३ ला कॉलेजियमने सरकारचा आक्षेप काय आणि तो का मान्य नाही, हे सविस्तर लिहून प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते न्यायाधीश झाले. त्यांची बदनामी झाली नाही. उलट सरकारचा आक्षेप किती हलका होता ते सर्वांना वाचता आले. जुलै २०२३ मध्ये न्या. भूषण गवई यांनी राहुल गांधी यांच्या प्रकरणात आपले वडील काँग्रेसशी निगडित होते आणि भाऊ अजून आहे हे खुल्या न्यायालयात सांगून, कोणाची हरकत असल्यास बोला, असे विचारले. कोणी हरकत घेतली नाही. हितसंबंध सांगून टाकल्याने न्यायाधीशाचा मान वाढला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ पासून न्यायिक नियुक्ती आयोग जागांची जाहिरात देतो, दक्षिण आफ्रिकेत उमेदवारांच्या मुलाखती लोकांसमोर होतात. तिथल्या पद्धती निर्दोष नाहीत, पण तिथे निदान प्रश्न विचारायला जागा आहे. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांची प्रक्रिया आणि सुचवलेल्या व्यक्तींचे न्यायाधीशांशी नाते आहे का याची माहिती संकेतस्थळावर टाकली. पाऊल चांगले होते, पण नाते सांगणे आणि निवडीचे कारण सांगणे यांत अंतर आहे.

राज्याच्या राजकारणाला यात हात घालायची वाट नाही, हाही एक ठरलेला बचाव आहे आणि तो निम्माच खरा आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह नावे पाठवतात, तेव्हा ती मुख्यमंत्री आणि राज्यपालांच्या टेबलावरूनही जातात. राज्य सरकार त्यावर लेखी मत देते. राज्यघटनेचे २११ वे कलम विधिमंडळाला न्यायाधीशाच्या कर्तव्य बजावण्यातील वर्तनावर चर्चा करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या ९४ मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत, राज्य सरकारने गेल्या यादीवर मत द्यायला किती दिवस घेतले, त्या यादीत किती स्त्रिया होत्या, जिल्ह्यातल्या न्यायालयांत वकिली केलेले किती होते, हे विचारायला २११ वे कलम आड येत नाही. कोल्हापूरला खंडपीठ हवे म्हणून पश्चिम महाराष्ट्राने अनेक दशके आंदोलने केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झाले. न्यायालय कुठे बसावे यासाठी जे राजकारण एवढे जागे होते, ते तिथे कोण बसावे या प्रश्नावर विधानसभेत एखादा तारांकित प्रश्नही विचारत नाही. शिवडी, वरळी, माहीम आणि मलबार हिलच्या आमदारांच्या मतदारांनी गेल्या तीस वर्षांत गिरणी, चाळ, मैदान आणि प्रभाग असे चारही विषय न्यायालयात गेलेले पाहिले आहेत. पुढच्या अधिवेशनात पहिला प्रश्न त्यांच्यापैकी कोणीही विचारू शकतो.